पिम्सचा जग असा भरा

एक भाग पिम्स नंबर वन (जिनपासून बनवलेली इंग्लिश दारू), तीन भाग गार, फसफसणारं लेमनेड, मोजमाप एवढंच. आपलं लिंबू सरबत नको, स्प्राइट चालेल. आधी जग बर्फाने गच्च भरा. बर्फात कंजुषी केलीत की सगळं पाणचट. सालासकट काकडीच्या पातळ चकत्या, संत्र्याच्या फोडी, अर्ध्या कापलेल्या स्ट्रॉबेरी टाका. पुदिना मात्र कुटायचा नाही: तळहातावर ठेवून एक टाळी मारा, वास लगेच सुटतो. लेमनेड शेवटी, कडेकडेने; लांब चमच्याने एकदाच हलवा. विम्बल्डनच्या दिवसांत आमच्या लंडनच्या घरी पाहुण्यांना हेच देते. पिम्समध्ये जिन असते, पण चवीला ते जाणवत नाही, म्हणून गाडी कोण चालवणार हे आधीच विचारते. ग्लासबरोबर चमचा द्या, तळाची फळं सोडवत नाहीत.