एकच किडनी, दोन स्कॅनर: एमआरआयचे आकडे जुळवायचे कसे

एका केंद्रावर कॉर्टेक्सचा (किडनीच्या बाहेरच्या थराचा) टी१ (रेडिओ लहरीनंतर ऊतीचे चुंबकत्व पूर्ववत होण्याचा वेळ) जास्त आला, तर तो आजारामुळे की यंत्रामुळे, हे रुग्णाच्या चित्रावरून कळत नाही. म्हणून पहिला रुग्ण टेबलावर घेण्याआधीच यंत्रे एकमेकांशी ताडून पाहा.

१.५ आणि ३ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राची ताकद) यंत्रांचे आकडे एकाच तक्त्यात मिसळू नका. क्षेत्र वाढले की टी१ लांबतो. सिक्वेन्सचे (स्कॅनच्या कार्यक्रमाचे) नाव सारखे असूनही भागत नाही. मोली या टी१ मोजण्याच्या पद्धतीने टी१ खरा असतो त्यापेक्षा कमी येतो, त्यामुळे पद्धत, इन्व्हर्जन टाइम (चुंबकत्व उलटवल्यापासून प्रतिमा घेईपर्यंतचा वेळ) आणि फिटिंग (प्रतिमांवरून गणिताने आकडा काढणे) सगळीकडे एकच हवे. यंत्राने बनवलेला तयार नकाशा वापरू नका. मूळ प्रतिमा काढून घ्या आणि एकाच प्रोग्रामने फिट करा. डायकॉममधला (प्रतिमांच्या फाइलमधला) रीस्केल स्लोप (पिक्सेलच्या आकड्याला गुणायचा अंक) लावायला विसरू नका, नाहीतर वेगवेगळ्या प्रतिमांची तीव्रता वेगवेगळ्या मापात राहते आणि फिट गुपचूप चुकतो.

एडीसीसाठी (ऊतीत पाणी किती सहज पसरते त्याचे माप) बी-व्हॅल्यूंची (स्कॅन या पसरण्याला किती संवेदनशील ठेवायचा ते आकडे) यादी तंतोतंत सारखी ठेवा. बी शून्य धरले की रक्तप्रवाह आणि नलिकांतला प्रवाहही मोजला जातो, आकडा फुगतो.

आता फँटम, म्हणजे माणसाऐवजी स्कॅन करायचा, गुणधर्म माहीत असलेला नमुना. एडीसीला बर्फाच्या पाण्यातली नळी पुरते: शून्य अंशाला पाण्याचा एडीसी सुमारे ०.००११ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद असतो. बर्फ शिल्लक असतानाच स्कॅन करा आणि हलवल्यानंतर पाणी स्थिर होऊ द्या. एक स्कॅन बोअरच्या (यंत्राच्या बोगद्याच्या) मध्यभागी, दुसरा किडन्या असतात तितके बाजूला सरकवून घ्या. दोन आकड्यांत फरक पडला तर ग्रेडियंट (जागेनुसार बदलणारी चुंबकीय क्षेत्रे) सरळ रेषेत चालत नाहीत असे समजा. ही चाचणी गाळू नका, आणि किडनी तर मध्यावर कधीच नसते! टी१ फँटमचे तापमान दर वेळी लिहून ठेवा. एखाद्या अंशानेही टी१ सरकतो.

फँटम जुळला तरी माणसात जुळेलच असे नाही. तेच चार-पाच निरोगी स्वयंसेवक सगळ्या यंत्रांवर न्या. प्रत्येक यंत्रावर त्यांना एकदा टेबलावरून उतरवून पुन्हा झोपवा आणि दुसरा स्कॅन घ्या. पाणी, जेवण, दिवसाची वेळ सारखी ठेवा. पाण्याच्या प्रमाणाने मेड्युलाचा (किडनीच्या आतल्या भागाचा) आर२* (सिग्नल किती वेगाने विरतो ते माप) बदलतो. आतड्यात वायू असेल तर त्याला लागून असलेल्या भागाचा आर२* खोटा वाढतो, तो भाग वगळा. श्वास सोडून रोखायला सांगा. कॉर्टेक्स पातळ असल्याने कडेचे पिक्सेल सोडा. सीमा एकाच व्यक्तीने, यंत्राचे नाव झाकून आखावी.

दोन स्कॅनमधल्या फरकांवरून प्रत्येक यंत्राचे अंतर्गत प्रमाण विचलन (एकाच माणसाची मोजमापे आपसांत किती हलतात ते) काढा आणि २.७७ ने गुणा. समजा ते ३० मिलिसेकंद आले, तर मर्यादा ८३ मिलिसेकंद. एका रुग्णात त्याहून लहान बदल दिसला तर त्याला बदल म्हणू नका. दोन यंत्रांतला सरासरी फरक सगळ्या स्वयंसेवकांत एकाच दिशेने दिसत असेल, तर तो वेगळा नोंदवा.

सॉफ्टवेअर अपग्रेड किंवा कॉइल (सिग्नल पकडणारा अँटेना) बदलल्यावर फँटम पुन्हा करा, त्याच दिवशी.