घरी सायकल दुरुस्त करायची तर कोणती हत्यारं घ्यावीत

सायकल दुरुस्तीचा चाळीस-पन्नास नगांचा तयार संच प्लॅस्टिकच्या पेटीसकट मिळतो. तो घेऊ नका. त्यातली निम्मी हत्यारं तुमच्या सायकलला बसतच नाहीत, आणि जी बसतात ती बहुतेकदा मऊ लोखंडाची असतात. अशा संचातला 5 मिमीचा ॲलन पाना (षटकोनी दांडीचा) थोड्याच दिवसांत कोपऱ्यांवर गोल होतो. पाना दुसरा मिळेल, पण त्याने बोल्टची खाच गोल केली तर ड्रिल मारून बोल्ट काढावा लागतो.

आधी वही घेऊन सायकलपाशी बसा आणि लिहून काढा: ब्रेक कोणते, व्हॉल्व्ह कोणता, चेन किती स्पीडची, क्रँक (पेडलची दांडी) कसा बसवलाय आणि मागचे दाते कॅसेटचे (हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीवर, सरकवून बसवलेले) आहेत की फ्रीव्हीलचे (हबवर आट्यांनी बसवलेले). शेवटचा मुद्दा सगळ्यांत जास्त चुकतो. चाक काढा, दाते उलटे फिरवा आणि मधल्या खाचांच्या कडीकडे बघा. कडी दात्यांबरोबर फिरली तर कॅसेट, कडी जागेवर राहून दातेच फिरले तर फ्रीव्हील. दोन्हींच्या रिमूव्हरला (दाते काढायच्या हत्याराला) बहुधा 12 खाचा असतात, पण फ्रीव्हीलचा किंचित लहान असतो. नुसतं बघून घेतलात तर चुकीचा घरी येणार.

पहिली खरेदी

ॲलन पाने 2, 2.5, 3, 4, 5, 6 आणि 8 मिमी, लांब दांड्याचे. पैसे खर्च करायचे तर इथे करा. टपारियासारख्या देशी कंपनीचे पाने चांगले असतात आणि कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी. गोल टोकाची बाजू फक्त भरभर फिरवण्यासाठी असते. शेवटचा ताण नेहमी सरळ टोकाने द्या, नाहीतर गोल टोक मोडून खाचेत अडकतं. डिस्क ब्रेक असेल तर टी25 टॉर्क्स म्हणजे चांदणीच्या टोकाचा पानाही लागेल.

पेडलसाठी 15 मिमीचा लांब, पातळ पाना. काही पेडलना पाना लावायला जागाच नसते, ती आतल्या बाजूने 6 किंवा 8 मिमी ॲलनने निघतात. डाव्या पेडलला उलटे आटे असतात. गोंधळ नको असेल तर एवढं ध्यानात ठेवा: पाना वरच्या दिशेला उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पेडल सुटतात. परत बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे हाताने फिरवा. हाताने फिरत नसेल तर पेडल तिरकं बसतंय. तसंच पान्याने रेटलं तर ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे गेलेच.

टायर लिव्हर प्लॅस्टिकचे घ्या, कारण लोखंडी लिव्हर ट्यूबला चिमटा काढतात. पंप उभा आणि हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याचा. त्याचं तोंड बारीक, लांब प्रेस्टा आणि मोटारसायकलसारखा श्रेडर या दोन्ही व्हॉल्व्हना बसतंय का, ते दुकानातच तपासा. सोल्यूशन, पॅच, घासपेपर. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की वाळत जाते, म्हणून मोठी घेण्यापेक्षा लहान दोन घ्या. पॅच चिकटत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा घाई असते. सोल्यूशन लावून ओलसर चमक जाईपर्यंत थांबा, मगच पॅच दाबा.

डिरेल्युअर म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग. चेन कुठवर सरकावी ते ठरवणाऱ्या त्याच्या लिमिट स्क्रूसाठी जपानी मापाचा म्हणजे जेआयएस स्क्रू ड्रायव्हर मिळाला तर उत्तम. साधा फिलिप्स अशा स्क्रूत पूर्ण बसत नाही, वर उचलला जातो आणि फुली खाऊन टाकतो.

चेन

चेन किती झिजली ते साध्या स्टीलच्या पट्टीनेही कळतं. नव्या चेनच्या एका पिनेपासून चोविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर 304.8 मिमी म्हणजे बरोबर 12 इंच असतं (सुरुवातीची पिन मोजायची नाही). 11 आणि 12 स्पीडची चेन 306.3 मिमीला आली की बदला, 10 स्पीडपर्यंतची 307 ला. याहून उशीर केला तर नवी चेन जुन्या दात्यांवर उड्या मारायला लागते आणि कॅसेटचाही खर्च पडतो. चेन तोडायचं हत्यार हवंच. क्विक लिंक (चेन जोडणारी, उघडता येणारी कडी) असेल तर तिची पक्कडही. 11 आणि 12 स्पीडच्या बऱ्याच क्विक लिंक एकदाच वापरायच्या असतात, तेव्हा एक जादा ठेवा.

चेन धुवायला रॉकेल किंवा डिझेल चालतं, पण ते पूर्ण उडून गेल्याशिवाय तेल घालू नका, नाहीतर नवं तेलही पातळ होतं. पावसाळ्यात वेट ल्यूब (पाण्यात टिकणारं चेनचं तेल) आणि उन्हाळ्यात ड्राय ल्यूब (धूळ कमी धरणारं). कोकणात राहत असाल तर जूननंतर ड्राय ल्यूबची बाटली फडताळात ठेवून द्या.

केबल कटर

सगळ्यांत जास्त कंजुषी इथे होते. साध्या पक्कडीने केबल कापली की तारा पिसारतात आणि आउटरचं (केबलवरच्या आवरणाचं) तोंड चेपतं. चेपलेल्या तोंडातून केबल घासत जाते, म्हणून ब्रेक जड होतात आणि गिअर मधेच अडकतात. माणूस मग डिरेल्युअरचे स्क्रू पिळत बसतो. सायकलचाच केबल कटर घ्या. आउटर कापल्यावर तोंड कानशीने सपाट करा, आतलं बंद झालेलं प्लॅस्टिक सुईने उघडा आणि मगच टोपी चढवा. ब्रेकचा आउटर साधारण 5 मिमीचा आणि आत गुंडाळलेल्या पट्टीचा. गिअरचा 4 मिमीचा आणि आत उभ्या तारांचा. गिअरचा आउटर ब्रेकला कधीही लावू नका. जोरात ब्रेक दाबला की उभ्या तारा फाटून बाहेर येतात.

क्रँक, बीबी, हब

चौकोनी एक्सलच्या क्रँकला क्रँक पुलर लागतो. तो लावण्याआधी बोल्ट काढाच, पण त्याखालचा वायसरही निघाला का ते बॅटरी मारून बघा. वायसर आत राहिला तर पुलरची पिन त्यावर टेकते, एक्सलवर नाही, आणि क्रँक जागचा हलत नाही. उलट पुलर आटे घेऊन बाहेर येतो. पुलर क्रँकमध्ये पूर्ण शेवटपर्यंत घट्ट बसवा, दोन-तीन आट्यांवर काम करू नका. बाहेरच्या बेअरिंगची (होलोटेक प्रकारची) बीबी, म्हणजे क्रँकचा एक्सल जिच्यात फिरतो ती बॉटम ब्रॅकेट, असेल तर पुलर लागत नाही, 16 खाचांचा 44 मिमीचा पाना लागतो. बीएसए (फ्रेममध्ये आट्यांनी बसणाऱ्या) बीबीचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या दिशेने सुटतो.

काळ्या दांडीच्या सायकलला कॉटर म्हणजे क्रँक एक्सलला जखडणारी पाचर असते. नट काढून टाकू नका. आट्याच्या टोकाशी सपाट येईपर्यंत सैल करा, क्रँकखाली लाकडाचा भक्कम टेकू द्या आणि हातोडीचा एकच पण नेमका ठोका मारा. टेकू नसेल तर तो मार बीबीच्या छऱ्यांना बसतो.

हबसाठी पातळ कोन पाने (कोन म्हणजे छऱ्यांवर टेकणारा एक्सलवरचा निमुळता नट) लागतात: पुढे बहुधा 13, मागे 15, सोबत 17 चा साधा पाना. शिमानोच्या साध्या हबमध्ये पुढे दर बाजूला 3/16 इंचाचे 10 छर्रे असतात आणि मागे 1/4 इंचाचे 9. छर्रे बदलायचे तर सगळेच बदला. क्विक रिलीजच्या (लिव्हरने आवळायच्या) चाकात कोन आवळताना केसभर खेळ मुद्दाम ठेवा. लिव्हर दाबल्यावर एक्सल किंचित आवळला जातो आणि तेवढा खेळ नाहीसा होतो. टेबलावर अगदी बरोबर वाटणारं चाक सायकलला लावलं की जड फिरतं, ते यामुळेच.

कॅसेटला रिमूव्हरबरोबर चेन व्हिप (दाते फिरू न देणारा, चेन लावलेला दांडा) हवा, फ्रीव्हीलला नको. लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारी कडी) 40 न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे 25 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण 16 किलोचा जोर. हा हिशेब हाताला कळला की मोठ्या टॉर्क रेंचवाचून (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यावाचून) बरंच निभतं. स्टेम (हँडल धरणारा भाग) आणि सीटपोस्टच्या 5 न्यूटन-मीटरला मात्र अंदाज चालत नाही, कार्बन असेल तर मुळीच नाही. तिथे लहान टॉर्क रेंच घ्याच.

चाकाचा आऊट (डगमग) काढणं

स्पोकची किल्ली निपलच्या (तारेच्या टोकाच्या नटाच्या) मापाचीच हवी: 3.23, 3.3 किंवा 3.45 मिमी. सैल किल्ली निपलचे कोपरे खाते. महागडं स्टँड लागत नाही. सायकल उलटी ठेवा, ब्रेकजवळ फ्रेमला केबल टाय बांधा आणि त्याचं टोक रिमपासून मिलिमीटरभर ठेवा. रिम डावीकडे घासत असेल तर तिथल्या उजव्या बाजूच्या तारा पाव फेरा आवळा, डाव्या तेवढ्याच सैल करा आणि चाक फिरवून बघा. एका वेळी अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त नको.

हायड्रॉलिक (तेलावर चालणाऱ्या) ब्रेकचं ब्लीडिंग किट (तेलातली हवा काढायचा संच) ब्रेकप्रमाणे घ्या. शिमानो आणि टेक्ट्रोला मिनरल ऑइल लागतं, सरॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट ब्रेक ऑइल. एकाच्या जागी दुसरं घातलं की आतली सीलं फुगतात किंवा खराब होतात आणि ब्रेक बदलण्यावाचून इलाज राहत नाही. कोणतं तेल ते बहुधा लिव्हरवर किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

सुट्या फ्रेमपासून सायकल जुळवणार असाल तरी हेडसेटचे (हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगचे) कप दाबून बसवणं, बीबीचे आटे पाडणं, प्रेस-फिट बेअरिंग आणि डिरेल्युअर हँगर (डिरेल्युअर अडकवायची पट्टी) सरळ करणं ही कामं दुकानातच करून घ्या. त्यांची हत्यारं महाग असतात, वर्षातून एकदाही लागत नाहीत आणि कप तिरका गेला तर फ्रेमचंच नुकसान होतं.