तांब्याच्या तारेवरचा साका ओळखताना

मिठाच्या पाण्यात तांब्याच्या दोन तारा बुडवून वीज सोडली की तळाशी साका बसतो. तो काय आहे हे ताजा असतानाच ठरवा. रात्रभर उघडा राहिला की हवा लागून रंग बदलतो, आणि सकाळी हिरवं दिसणारं सगळं मूळचं हिरवं नसतं.

१०० मिली डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीवाल्याकडचं चालतं), १० ग्रॅम मीठ, अर्धा अँपिअर, १५ मिनिटं. बोअरचं जड पाणी आणि खडे मीठ टाळा. त्यातलं मॅग्नेशियम ऋण तारेवर पांढरा थर धरतं आणि तो तांब्याचाच वाटतो. मोटर रिवाइंडिंगची तार असेल तर व्हार्निश पॉलिश पेपरने पूर्ण काढा.

ऋण तार म्हणजे भरभर बुडबुडे सुटतात ती. खात्री हवी तर सांगलीच्या हळदीत टिपकागद भिजवून वाळवा. तिच्याजवळचं पाणी लागताच पिवळी पट्टी लालसर तपकिरी होते, कारण तिथे अल्कली तयार होते. धन तार झिजते. तिच्यावर क्युप्रस (दर अणूमागे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या तांब्याच्या) क्लोराइडचा पांढरट पापुद्रा धरतो, आणि अल्कलीशी गाठ पडली की त्याचं पिवळं-नारिंगी क्युप्रस ऑक्साइड होतं.

झीज मोजणं सगळ्यात खात्रीचं. धन तार आधी आणि नंतर (पुसून, वाळवून) सराफाच्या काट्यावर तोला. वरच्या मापात सुमारे ०.३० ग्रॅम घटली तर तांबं क्युप्रस रूपात उतरलंय, ०.१५ च्या आसपास असेल तर क्युप्रिक (दर अणूमागे दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं). तारेची पूड झडली असेल तर आकडा फुगतो.

साका गाळून डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवा. नारिंगी भागावर पातळ सल्फ्युरिक आम्ल टाका (आम्ल पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही): पाणी निळं होऊन तळाशी लालसर तांब्याची पूड उरली, की क्युप्रस ऑक्साइड पक्कं. निळा साका गरम पाण्यात काळा पडला तर हायड्रॉक्साइड. हिरवा तसाच राहिला तर बहुधा हायड्रॉक्सीक्लोराइड. पातळ नायट्रिक आम्लात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका, दह्यासारखा पांढरा साका आला की क्लोराइड आहेच. धुण्यात कुचराई केलीत तर उरलेलं मीठही हेच दाखवतं.

हायड्रोजन सुटतो, खिडकी उघडी, गॅस बंद. उरलेलं पाणी गटारात किंवा उसाच्या सरीत सोडू नका. त्यात थोडं आम्ल घालून लोखंडी खिळे टाका, निळेपणा जाईपर्यंत तांबं खिळ्यांवर बसू द्या.