जुनी गाडी घेताय? आधी ठोकलेली आहे का ते असं तपासा

गाडी बघायला दिवसाउजेडीच जा आणि गाडी कोरडी पाहिजे, ओल्या गाडीवर पोचे आणि रंगातला फरक दोन्ही लपतात. आणि हो, बंपर रंगवलाय किंवा दारावर चरा होता एवढ्यावरून गाडी सोडू नका, वापरातल्या गाडीला ते होतंच. आपल्याला बघायचंय आतल्या सांगाड्याला मार बसलाय का.

सुरुवातीला खाली बसून गाडीच्या कडेने तिरकी नजर टाका, प्रतिबिंब कुठे लाटेसारखं हललं तर तिथे काम झालंय समजा. मग बॉनेट, फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), दारं यांच्यामधल्या फटींवरून बोट फिरवा, डावीकडे जेवढी फट तेवढीच उजवीकडे पाहिजे. संशय आला तिथे पातळ कपड्यात गुंडाळलेलं छोटं मॅग्नेट लावा, खाली पुट्टीचा जाड थर असेल तर ते नीट चिकटत नाही (प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमवर तसंही चिकटणार नाही, घाबरू नका). रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तमच, कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन असतो, 500 च्या वर आकडा गेला की आत पुट्टी आहे.

आता बॉनेट उघडा. फेंडरच्या आणि बिजागरीच्या बोल्टच्या कडांवरचा रंग उडालाय का बघा, उडाला असेल तर पाना लागलाय, म्हणजे तो भाग कधीतरी काढलाय. एक हेडलाइट पिवळट आणि दुसरा चकाचक असेल तर का ते विचारा.

दाराचं रबर थोडं ओढून बाजूला करा, ते परत दाबून बसतं. खाली कंपनीच्या वेल्डिंगचे गोल टिकलीएवढे खड्डे ठरावीक अंतराने दिसतात. तिथे ओबडधोबड वेल्डिंग किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या तर पिलर (दाराच्या कडेचा, छत पेलणारा खांब) कापून जोडलेला असू शकतो, अशी गाडी मी फुकटही घेणार नाही, कारण बाजूने धडक बसली की आतल्या माणसांना तो पिलरच वाचवतो.

डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनी बाहेर काढाच. मी एक गाडी जवळजवळ घेतलीच होती, बाहेरून एकदम स्वच्छ, पण स्टेपनीखालच्या पत्र्याला चुरगळलेल्या कागदासारख्या सुरकुत्या होत्या आणि त्यावर ताजं सीलंट थापलेलं, म्हणजे मागून जोरात ठोकलेली.

इग्निशन ऑन केलं की एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. अजिबातच लागला नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. सीटबेल्ट पूर्ण ओढून सोडा, सरसर परत जायला हवा.

सगळं पटलं तरी टोकन देण्याआधी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवून खालून चेसिस बघून घ्या. मालक याला तयार नसेल तर तिथूनच परत फिरा.