उदाहरण अडलं की मदत कशी मागावी: भौतिकशास्त्र आणि संभाव्यता

‘हे उदाहरण येत नाही, सोडवून द्या’ असं म्हटलं की उत्तर मिळतं, पण त्याच धाटणीचं पुढचं उदाहरण पुन्हा अडतं. मदत कामी यायची तर आपण नेमके कोणत्या ओळीवर अडलो ते आधी हुडकायला हवं. सुरुवातीच्या भौतिकशास्त्रात आणि संभाव्यतेत ती ओळ बहुधा आपली आपल्यालाच सापडते. ती सापडली की पुष्कळदा विचारायची गरजही उरत नाही.

आधी स्वतः: भौतिकशास्त्र

कोऱ्या कागदावर आकृती काढा आणि धन दिशेचा बाण दाखवा. मग दिलेल्या राशी एककासह आणि चिन्हासह एकाखाली एक लिहा. सूत्र त्यानंतर. चुकांचं मोठं घर चिन्हांत असतं.

एक उदाहरण घेऊ. २० मीटर उंच गच्चीवरून चेंडू १५ मी/से वेगाने सरळ वर फेकला, तर तो जमिनीवर किती वेळाने पडेल? वरची दिशा धन धरली तर वेग +१५, त्वरण −१० (सोयीसाठी ९.८ ऐवजी १०) आणि विस्थापन −२०, कारण चेंडू शेवटी सुरुवातीच्या जागेच्या खाली जातो. काळाला ‘क’ म्हणू:

−२० = १५क − ५क²
क² − ३क − ४ = ०

म्हणून क = ४ किंवा −१. ऋण काळ सोडून द्यायचा. उत्तर ४ सेकंद.

हेच विस्थापन चुकून +२० घेतलं तर क² − ३क + ४ = ० मिळतं आणि वर्गमुळाखाली −७ येतो. इथे ‘गणितच चुकीचं छापलंय’ असं वाटतं. खरं तर समीकरण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतंय: चेंडू गच्चीच्या २० मीटर वर कधी पोहोचेल? कधीच नाही, कारण १५ मी/से वेगाने तो जेमतेम ११.२५ मीटर चढतो. असं अशक्य उत्तर आलं की सूत्र बदलू नका, चिन्हं तपासा.

बलांच्या उदाहरणात प्रत्येक बाणाशेजारी ‘हे बल कोण लावतंय?’ त्याचं नाव लिहा: पृथ्वी, पृष्ठभाग, दोरी. नाव सुचत नसेल तर ते बल नाही. वस्तू पुढे जातेय म्हणून काढलेला ‘पुढे नेणारा’ बाण या कसोटीवर गळून पडतो.

आधी स्वतः: संभाव्यता

इथे सूत्र शोधण्याआधी प्रयोग लहान करून सगळ्या शक्यता हाताने लिहाव्यात. दोन फाशांच्या ३६ जोड्या एकदा स्वतः मांडल्या की (२,५) आणि (५,२) वेगळ्या का मोजायच्या हे वेगळं समजवावं लागत नाही.

‘निदान एकदा’ हे शब्द दिसले की सावध व्हा. फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा सहा पडण्याची संभाव्यता ४ × १/६ म्हणजे ०.६७ नव्हे. हीच रीत सात वेळांना लावली तर ७/६ येतात, आणि संभाव्यता १ च्या वर जात नाही. बेरीज चुकते कारण ‘पहिल्यांदा सहा’ आणि ‘दुसऱ्यांदा सहा’ या घटना एकत्र घडू शकतात, म्हणून त्या दोनदा मोजल्या जातात. उलट बाजूने जा: एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता (५/६)⁴ = ६२५/१२९६, म्हणून उत्तर ६७१/१२९६, सुमारे ०.५२. (फाशांच्या खेळांबद्दलचे प्रश्न शवालिए द मेरे या फ्रेंच जुगाऱ्याने गणितज्ञ पास्कलना विचारले, पास्कलनी १६५४ मध्ये फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाशी पत्रव्यवहार केला, आणि संभाव्यतेच्या गणिताची पायाभरणी झाली. अडलेलं गणित दुसऱ्याला विचारण्यात कमीपणा नाही!)

सशर्त संभाव्यतेत (एक गोष्ट घडलीय हे माहीत असताना दुसरीची संभाव्यता) गोंधळ झाला तर अपूर्णांक बाजूला ठेवून १०,००० माणसं मोजा. आजार १ टक्का लोकांना आहे. चाचणी आजाऱ्यांपैकी ९९ टक्के पकडते, पण निरोगींपैकी ५ टक्क्यांनाही आजारी ठरवते. मग १०० आजाऱ्यांत ९९ पॉझिटिव्ह, ९,९०० निरोगींत ४९५. चाचणी पॉझिटिव्ह आलेला माणूस खरोखर आजारी असण्याची संभाव्यता ९९/५९४, म्हणजे फक्त १/६.

उत्तर जुळत नसेल तर भागाकार करा

आपल्या उत्तराला उत्तरसूचीतल्या उत्तराने भागा. ही सवय फार कमी जणांना असते, पण तिच्यासारखा गुरू नाही. भागाकार ३.६ आला तर किमी/तासाचं मी/से करायचं राहिलं. १२.९६ आला तर तेच राहिलं, पण वेगाचा वर्ग झाला. गतिज ऊर्जा आणि ब्रेक लावल्यावरचं अंतर इथे हे हमखास होतं. फरक फक्त २ टक्क्यांचा असेल तर एकाने ९.८ आणि दुसऱ्याने १० घेतलंय, चूक नाहीच. ३०° च्या उतारावर १.७३ किंवा ०.५८ दिसलं तर साइन-कोसाइनची अदलाबदल तपासा. साइन ३०° ऋण येत असेल तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे.

संभाव्यतेत उत्तर निम्मं आलं तर बहुधा क्रम निसटलाय. ५ लाल आणि ३ निळ्या चेंडूंतून, परत न ठेवता, एक लाल आणि एक निळा काढायचा तर ५/८ × ३/७ = १५/५६ हा फक्त ‘आधी लाल’चा हिशोब झाला. ‘आधी निळा’ही तेवढाच, म्हणून उत्तर १५/२८.

प्रश्न असा लिहा

वीसेक मिनिटं झटूनही सुटलं नाही तर विचारा. उदाहरण शब्दशः द्या, स्वतःच्या भाषेत नको. ‘परत न ठेवता’ किंवा ‘स्थिरावस्थेतून’ असे शब्द गळले की उदाहरणच बदलतं. मग केलेल्या पायऱ्या, आणि शेवटी एकच नेमका प्रश्न. नमुना:

‘२ किग्रॅचा ठोकळा ३०° च्या उतारावरून खाली घसरतो. गतिज घर्षणांक ०.२. त्वरण काढा. मी गुरुत्वत्वरण १० घेतलं, उताराच्या खालची दिशा धन धरली. वजनाचा उताराला समांतर घटक १० न्यूटन. घर्षण ०.२ × २० = ४ न्यूटन. म्हणून त्वरण ६ ÷ २ = ३. उत्तरसूचीत ३.२७ आहे. घर्षण काढताना २० घेणं बरोबर आहे का?’

यावर मदत करणारा एका ओळीत सांगेल: घर्षणासाठी पूर्ण वजन नाही, पृष्ठभागाचं लंब बल घ्यायचं; ते २० × ०.८६६ = १७.३ न्यूटन. नुसता फोटो पाठवला असता तर त्याने अख्खं उदाहरण सोडवून दिलं असतं आणि तुमची चूक तशीच राहिली असती.

एआय चॅटबॉटलाही असंच विचारा आणि ‘पूर्ण उत्तर देऊ नको, माझी पहिली चुकीची पायरी दाखव’ असं बजावा. त्याची भाषा ठाम असली तरी हिशोब चुकू शकतो. एकक, चिन्ह आणि संभाव्यता ० ते १ मध्ये आहे का, हे स्वतः पडताळा.

मदत मिळाली की ती वही मिटा आणि दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. मग आकडा बदला: उतार ३० ऐवजी ४५ अंश, घर्षणांक ०.२ च. उत्तर ५.६६ आलं पाहिजे.