लाल वायर दिसली की फेज समजू नका: जर्मनीत घरी इलेक्ट्रिकचं काम करताना या चुका टाळा

शनिवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला की मला कळतं, कुणीतरी नव्या घरात राहायला आलंय आणि छताकडे बघत उभं आहे. जर्मनीत भाड्याचं घर मिळतं म्हणजे बहुतेक वेळा चार भिंती मिळतात. आधीचा भाडेकरू दिवे काढून नेतो, बऱ्याचदा स्वयंपाकघराचा ओटा आणि कपाटंही उचलून नेतो, आणि खोलीच्या मधोमध दोन-तीन वायरी लोंबत ठेवतो. आपल्या माणसाला आधी याची गंमत वाटते. मग नोव्हेंबर येतो, चार-साडेचारलाच अंधार पडतो, घाईघाईत ऑनलाइन दिवा मागवला जातो, आणि मग मला फोन. "दादा, पाच मिनिटांचं काम आहे."

मी सांगलीचा, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला, बर्लिनमध्ये येऊन चौदा वर्षं झाली. इथला नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन मी नाही. दिवा टांगणं, प्लग बदलणं, इथपर्यंत माझी हद्द. भिंतीतलं वायरिंग, फ्यूज बोर्ड, विजेची चूल, यातलं काही मी करत नाही आणि तुम्हीही करू नका. इथली चूल तीन फेजवर चालते, दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. ते काम वीज वितरण कंपनीकडे नोंद असलेल्या माणसाचंच. त्याची बिलं बघून डोळे पांढरे होतात हे खरं, पण घरमालक आणि विमा कंपनी उद्या तेच बिल मागतात.

सुटकेसमधून आणलेला टेस्टर

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त राग आहे.

बर्लिनच्या वेडिंग भागातलं माझं पहिलं घर, शंभरेक वर्षांची इमारत. अशा जुन्या घरांना इथे आल्टबाऊ म्हणतात. दाराशेजारी फ्यूजची पेटी, आत चिनी मातीचे, फिरवून बसवायचे फ्यूज. कुठला कशाचा, एकावरही लिहिलेलं नाही. मी एक काढला, हॉलमधला प्लग बंद झाला, म्हटलं झालं. लाकडी स्टुलावर चढलो, सांगलीहून आणलेला पिवळ्या दांड्याचा टेस्टर छतातल्या वायरीला लावला. पेटला नाही. दुसऱ्या वायरीला लावला, तिथेही नाही. निवांतपणे दोन्ही वायरी बोटांनी सरळ करायला घेतल्या आणि पुढच्या क्षणी मी जमिनीवर होतो. उजवं कोपर महिनाभर सुजलेलं होतं. छताचा फ्यूज वेगळा होता, एवढंच.

मग टेस्टर का पेटला नाही? त्याच्यातून जाणारा चिमूटभर करंट तुमच्या अंगातून जमिनीत जातो, तेव्हा आतला निऑन लागतो. मी कोरड्या लाकडी स्टुलावर, खाली लाकडाची जमीन, अंगात लोकरीचे मोजे आणि खिडकीतून ऐन दुपारचं ऊन. निऑन मिणमिणला असेलही, मला दिसला नाही. दोन वायरी दोन हातांत धरल्या तेव्हा मात्र करंटला माझ्या छातीतून सरळ रस्ता मिळाला. याच्या उलटही होतं. बंद वायर चालू वायरीच्या शेजारून लांबवर गेली असेल तर हाच टेस्टर बंद वायरीवर मंद पेटतो. जर्मन इलेक्ट्रिशियन त्याला 'ल्यूगनश्टिफ्ट' म्हणतात, म्हणजे खोटारडी पेन्सिल. हा शब्द मला पडल्यानंतर दोन दिवसांनी कळला.

आता माझ्याकडे दोन टोकांचा टेस्टर आहे, दोन हातांत धरायचा, व्होल्ट दाखवणारा. इथे सगळे त्याला ड्युस्पोलच म्हणतात, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. चांगला घ्यायचा तर पन्नासेक युरो जातात. माझी सवय अशी: आधी चालू असलेल्या प्लगमध्ये लावून २३० दिसतात का ते बघायचं, मग छतातल्या वायरी, मग पुन्हा त्याच प्लगमध्ये. तिसरी पायरी सगळे गाळतात. मधल्या मधे टेस्टरच गेला असेल तर? छतातल्या वायरी मोजताना प्रत्येक जोडी मोजायची. तीन वायरी असतील तर तीन जोड्या, आणि भिंतीवरचं बटण चालू ठेवून. काढलेला फ्यूज पेटीवर ठेवायचा नाही, खिशात ठेवायचा, नाहीतर घरातलं कुणीतरी वाय-फाय गेलं म्हणून तो परत लावतं.

दिव्यावर साठ युरो आणि टेस्टरवर शून्य खर्च करणाऱ्यांशी वाद घालणं मी आता सोडून दिलंय.

रंगावरून वायर ओळखणं

आपल्याकडच्या जुन्या वायरिंगची सवय बोटांत भिनलेली असते: लाल म्हणजे फेज (करंट आणणारी), काळी म्हणजे न्यूट्रल (तो परत नेणारी), हिरवी म्हणजे अर्थिंग. जर्मनीतल्या नव्या घरात तपकिरी किंवा काळी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग असते. म्हणजे काळ्या वायरीचा अर्थ इथेच उलटा झाला. पण खरा घोळ पुढे आहे. १९६५ च्या सुमारास नियम बदलण्याआधी जे वायरिंग झालं, त्यात काळी फेज, करडी न्यूट्रल आणि लाल अर्थिंग. हो, लाल. बर्लिनच्या जुन्या घरांत या वायरी अजून छतात आहेत.

बर्लिनच्याच मोआबिट भागातल्या एका मुलाने, हिंजवडीतून थेट इथे आलेला, हुशार पोरगा, एक पितळी झुंबर ऑनलाइन मागवलं. तीन होल्डर, धातूचा सांगाडा. छतात काळी, करडी, लाल. त्याने लालला फेज धरलं, काळीला न्यूट्रल, आणि उरलेली करडी म्हणजे अर्थिंग असणार म्हणून ती सांगाड्याला जोडली. बटण दाबलं, दिवा लागला. त्याने फोटो काढून आईला पाठवला.

चार महिन्यांनी मला जेवायला बोलावलं, तेव्हा त्याला सेलमध्ये याहून मोठा दिवा मिळाला होता. वरणभात होईपर्यंत हा बदलून टाकू म्हणून मी छताखालची वाटी सोडवली आणि बघतच राहिलो. फेजमधला करंट दिव्यातून अर्थिंगच्या वायरीत चालला होता. घराला एफआय नव्हता. आपण ज्याला ईएलसीबी म्हणतो तो, करंट भलतीकडे गळायला लागला की वीज तोडणारा. असता तर पहिल्याच दिवशी पडला असता: सहा वॅटचे तीन एलईडी म्हणजे कमीत कमी ७८ मिलिअँपियर, आणि एफआय ३० ला पडतो.

मी त्याला समजावायला लागलो तर तो म्हणाला, "पण दादा, चार महिने लागतोय ना दिवा!"

हेच वाक्य मला झोपू देत नाही. दिवा लागला याचा अर्थ एवढाच, की करंटला परत जायला कुठूनतरी वाट मिळाली. ती कुठली, हे दिवा सांगत नाही. समजा, ती जुनी लाल वायर पेटीकडे जाताना कुठल्या जोडात सुटली. मग दिवा विझतो, पण त्याच लाल वायरीवर असलेल्या प्लगांच्या अर्थिंगवर दिव्यातून आलेली फेज बसते. म्हणजे वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर. तिकडे करडी सुटली, तर झुंबराच्या पितळेवर. बटण बंद असलं तरी काही फरक पडत नाही, कारण त्याच सर्किटवरची इतर उपकरणं ते काम करतात.

म्हणून रंग बघायचा नाही, मोजायचं. बटण चालू: काळी-करडी २३०, काळी-लाल २३०, करडी-लाल शून्य. मग लाल ही अर्थिंग किंवा न्यूट्रल आहे इतपत कळलं. आता बटण बंद करून पुन्हा मोजा. दोन बटणांच्या दिव्यांत लाल ही दुसरी फेजही असू शकते, म्हणून दोन्ही बटणं आलटून पालटून. आकडे जुळले नाहीत, किंवा छतातून दोनच वायरी निघाल्या आणि दिवा धातूचा आहे, तर तिथेच थांबा. प्लास्टिकचा, दुहेरी इन्शुलेशनचा दिवा घ्या, त्याच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. किंवा माणूस बोलवा. मोआबिटच्या घरात आम्ही नीट जोडून दिलं, पण घरमालकाला पत्र लिहून इलेक्ट्रिशियनही मागवायला लावला. वरणभात गार झाला.

ऑनलाइन खरेदी

निम्म्या चुका शब्दाच्या असतात. इथे 'लाम्पे' म्हणजे बोलीभाषेत दिवा, पण पेटीवर दिव्याला 'लोइख्टे' म्हणतात आणि बल्बला 'लोइख्टमिटल'. 'ओने लोइख्टमिटल' लिहिलं असेल तर बल्ब मिळणार नाही. घरून आणलेले खिट्टीचे बल्ब इथे बसत नाहीत, होल्डर आट्यांचे असतात, ई २७ मोठा आणि ई १४ छोटा. अमेरिकेतल्या भावाने पाठवलेली १२० व्होल्टची वस्तू लावू नका, ती एकदाच लागते.

स्मार्ट बटण मागवण्याआधी भिंतीतलं जुनं बटण बघा, तिथे न्यूट्रल आहे का. जुन्या घरात सहसा नसते. आणि डबी गोल असते, ६० मिलिमीटरची. आपल्याकडची चौकोनी मॉड्युलर प्लेट सुटकेसमधून आणणारे मला तीन भेटलेत.

सीई ही खूण बघून निश्चिंत होऊ नका. घरगुती वस्तूंवर ती उत्पादक स्वतःच लावतो, 'माझा माल नियमात बसतो' असं त्याचं स्वतःचं म्हणणं. कुणीतरी तिसऱ्याने तपासलंय का हे व्हीडीई किंवा जीएस या खुणांवरून कळतं. विक्रेत्याच्या पानावर 'इम्प्रेसुम', म्हणजे दुकान कुणाचं ते सांगणारा भाग, उघडून पत्ता वाचा. पान जर्मनमध्ये आहे म्हणून दुकान जर्मनीत असतं असं नाही. चौदा दिवसांत माल परत करायचा हक्क आहे, पण परत पाठवायचं टपाल युरोपबाहेरचं निघालं तर ते वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त पडतं.

एका घरात मी नऊ युरोचा सहा पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड उघडला. त्यावर १६ अँपियर, ३५०० वॅट असं छापलेलं. त्याला एक हीटर आणि एक किटली. वायर हाताला गरम लागत होती. कापून बघितली, आतले तार तांब्याच्या रंगाचे, पण फ्रिजवरचं चुंबक लावलं तर केसांसारखे उभे राहून चिकटले. लोखंडाला तांब्याचा मुलामा. १६ अँपियरला निदान १.५ चौरस मिलिमीटर तांबं हवं. तेव्हापासून मी दुसऱ्याच्या घरी गेलो की नकळत बोर्डाच्या वायरीला हात लावून बघतो. बायकोला हे आवडत नाही.

मिक्सर

भारतातला मिक्सर इथे उत्तम चालतो, दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. घात करतो तो दोन युरोचा अॅडॉप्टर, ज्यात अर्थिंगच नसते. त्याहून वाईट म्हणजे प्लगची मोठी, अर्थिंगची पिन कापणं. मी सरळ भारतीय प्लग कापून इथला अर्थिंगवाला शुको प्लग बसवतो. अर्थिंगची वायर आत दोन बोटं जास्त लांब ठेवतो, म्हणजे वायर ओढली गेली तर ती शेवटी सुटते.

फुटकळ

वायरी पिळून वर टेप गुंडाळू नका. इथे टेपचा जोड दिसला की इलेक्ट्रिशियन आपल्याकडे दयेने बघतो. खटक्याचे वागो कनेक्टर घ्या, २२१ नंबरचे. वायर ११ मिलिमीटर सोलायची, कनेक्टरच्या अंगावर माप कोरलेलं असतं. दिव्याची वायर बारीक तारांची आणि छतातली एकाच तारेची असते, तरी यात दोन्ही धरतात. स्क्रूच्या पट्टीत बारीक तारा थेट घालू नका, टोकाला धातूची टोपी दाबून बसवा.

बटणाच्या आणि प्लगच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायरी तिथूनच जातात. जुन्या घरात तर तिरक्याही जातात.

एफआय असेल तर त्याच्यावरचं 'टी' बटण वर्षातून दोनदा दाबा. घड्याळाची वेळ बदलते त्या दोन रविवारी मी दाबतो. रविवारी ड्रिल मात्र लावू नका, शेजारी करंटपेक्षा आधी येतात.

आणि घर सोडताना दिवा काढलात, तर प्रत्येक वायरीच्या टोकाला कनेक्टर लावून ठेवा. मी मोजलेले आकडे एका चिठ्ठीवर लिहून छतातल्या वायरीला चिकटवून येतो: लाल अर्थिंग, मोजून घ्या. जर्मनमध्ये लिहितो, खाली मराठीतही.