मुलांचे सपोर्ट पर्सन होताना या चुका टाळा

पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याखालील खटल्यात पोलिस ठाण्यापासून निकालापर्यंत पीडित मुलाच्या सोबत राहणाऱ्या व्यक्तीला आम्ही सारे सपोर्ट पर्सन म्हणतो. पुण्यात शिवाजीनगर न्यायालयात हे काम करताना मी त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहत आले आहे आणि त्या दर वेळी मुलांनाच भोवल्या आहेत.

सर्वांत घातक चूक म्हणजे मुलाला घटनेविषयी पुन्हा विचारणे. पोलिसांनी जबाब घेतलेला असतो, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेही तो नोंदवलेला असतो, तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलेले असते. त्यानंतर आपण विचारण्याचे काहीच कारण उरत नाही. काही वर्षांपूर्वी एका नव्या कार्यकर्तीने नऊ वर्षांच्या मुलीकडून सारी हकीकत वहीत उतरवून घेतली, तारखांखाली लाल रेघा मारल्या आणि साक्षीच्या आदल्या संध्याकाळी ती तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतली. मुलगी अडखळू नये, एवढाच तिचा हेतू होता. दुसऱ्या दिवशी मुलीच्या आईबरोबर मी आत बसले होते. पॉक्सोमध्ये बचाव पक्षाचे वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत. ते प्रश्न न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश तो विचारतात. "हे सगळं तुला कोणी सांगितलं?" असा प्रश्न आला, तेव्हा मुलगी पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखाने सोलत होती. मान वर न करता तिने खरे तेच सांगितले, "ताईंनी पाठ करून घेतलं." पुढचा सगळा युक्तिवाद 'पढवलेली साक्षीदार' या दोन शब्दांवर उभा राहिला. जे खरोखर घडले होते, त्यावरच आमच्या माणसाने संशय ओढवून घेतला.

म्हणून मी साक्षीच्या काही दिवस आधी मुलाला रिकामे कोर्ट दाखवते. न्यायाधीश कुठे बसतील, पाणी हवे असेल किंवा मध्ये थांबायचे असेल तर कोणाला सांगायचे, हे समजावते. त्यापलीकडे फक्त एवढेच सांगते, की आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचे आणि प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणायचे. जबाब वाचून उजळणी करून घ्यायची असेल तर ते सरकारी वकिलांचे काम आहे, आपले नव्हे.

दुसरी चूक आश्वासनांची. "त्याला शिक्षा होणारच," असे पालकांना सांगून मोकळे होणे सोपे असते. कायद्यातील कलम ३५ नुसार शक्यतो एका वर्षात खटला संपावा, परंतु तारखा पडत राहतात, आणि प्रत्येक तारखेला आईची रोजंदारी बुडते. तिला पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगावे.

मुलाचे नाव, शाळा किंवा वस्ती व्हॉट्सॲपच्या गटावर, अगदी कार्यकर्त्यांच्या गटावरही, कधीही लिहू नये. अंतरिम, म्हणजे खटला चालू असतानाच मिळणाऱ्या भरपाईचा अर्ज निकालापर्यंत लांबवू नये. बालकल्याण समितीला (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातील सरकारी समिती) द्यायचा मासिक अहवाल तीन महिन्यांचा एकदम लिहू नये. आरोपीचे नातेवाईक ज्या व्हरांड्यात बसले आहेत, तिथे मुलाला ताटकळत ठेवू नये.

उतावळ्या नवशिक्यांविषयी मला स्पष्टच लिहायचे आहे. दोन दिवसांचे शिबिर करून आठवड्याभरात 'केस' मागणाऱ्यांना मी परत पाठवते. समाजकार्य, मानसशास्त्र किंवा बालविकासाचे शिक्षण आणि मुलांबरोबरच्या कामाचा अनुभव असेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे नाव नोंदवावे. तिथल्या यादीत नाव आले म्हणजे मूल आपल्या हाती आले असे होत नाही. नेमणूक बालकल्याण समिती करते आणि तीही मूल व पालक यांच्या संमतीने. मुलाने नको म्हटले तर कारण न विचारता बाजूला व्हावे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिले सहा महिने एकही मूल सोपवत नाही. त्यांनी आईबरोबर बसावे, समन्सवरची तारीख तिला वाचून दाखवावी, आणि कोर्टातून घरी जाणारी बस कोणत्या थांब्यावरून मिळते हे तिला नीट समजले आहे ना, याची खात्री करून मगच निघावे.